टर्बो गेला नव्हता, पाइप फाटला होता

मागच्या अंकात मी माझ्या १९८६ च्या साब ९०० टर्बो या स्वीडिश गाडीबद्दल दोन पानं लिहिली होती. टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. मूळची कोल्हापूरची, आता स्वीडनमध्ये गोथेनबर्गजवळ राहणारी बाई इतकी वर्षं एकच जुनी गाडी का सांभाळते, एवढाच विषय. त्यावर आलेली सगळी पत्रं संपादकांनी माझ्याकडे पाठवली आणि वर चिठ्ठी जोडली, "आता तुम्हीच निस्तरा." त्यातली सात घेतली आहेत. 'तुमचे मिस्टर काय म्हणतात?' हे चौघांनी विचारलंय. ते काही म्हणत नाहीत, ते बसने जातात.

प्रश्न : मावशी, मी पुण्याचा. कामानिमित्त गोथेनबर्गला येऊन आठ महिने झाले. इथे एक १९८४ ची साब ९०० टर्बो विकायला आहे. मालक म्हणतो गाडी फक्त अठरा हजार मैल चाललीय आणि टर्बो नुकताच नवा बसवलाय. ॲडव्हान्स देऊन टाकू का?

उत्तर : खिशातून हात बाहेर काढ आधी. तो म्हणाला 'मील', तू ऐकलंस 'मैल'. स्वीडिश माणसाचा एक मील म्हणजे १० किलोमीटर. म्हणजे गाडी १,८०,००० किलोमीटर चाललीय. मालक खोटं बोलला नाही, मीटरवर किलोमीटरच दिसतील. चाळीस वर्षांच्या गाडीला हा आकडा वाईटही नाही. उलट फार कमी चाललेली गाडी मला नको असते. उभ्या गाडीचं रबर वाळतं, सील आकसतात, टाकीत गंज धरतो.

बघायला जाशील तेव्हा आदल्या दिवशी फोन करून सांग, की गाडी मी येईपर्यंत सुरू करू नका. पोचल्यावर गप्पा मारता मारता बॉनेटवर हात ठेव. कोमट लागलं तर चहा पिऊन घरी ये, दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. गार इंजिनच खरं बोलतं. सेल्फ मारताना मालकाला बसव आणि तू सायलेन्सरपाशी उभा राहा. सुरू होताना निळ्या धुराचा एक भपका येऊन थांबला, तर बहुधा व्हॉल्व्हचे सील थकलेत; भाव पाडायला उपयोगी, पळून जाण्यासारखं नाही. गाडी काही मिनिटं न्यूट्रलला उभी ठेवून मग रेस केल्यावर निळा धूर येत राहिला, तर टर्बोच्या सीलमधून तेल जात असेल. पांढरा, गोडसर वासाचा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल, तर बहुधा हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधली सील) गेलंय, इंजिन गार ठेवणारं कूलंट जळतंय. थंडीतली नुसती वाफ आणि हा धूर यांत गल्लत करू नकोस. वाफ लगेच विरते, हा रेंगाळतो.

'टर्बो नवा बसवलाय' हे ऐकून लोक खूश होतात, माझ्या पोटात गोळा येतो. जुना का गेला? तेलाची नळी कार्बनने चोंदल्यामुळे गेला असेल आणि नळी तीच ठेवून नवा टर्बो बसवला असेल, तर नवाही त्याच वाटेने जाणार. बिल माग. बिलात तेलाची नळी आणि तेल-फिल्टर बदलल्याची नोंद आहे का बघ.

पण तुझे पैसे टर्बोत बुडणार नाहीत, पत्र्यात बुडतील. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ते मीठ या गाडीच्या बॅटरीखालच्या पत्र्यात, दारांच्या खालच्या कडांत, चाकांच्या कमानींत आणि पुढची चाकं फिरवणारे ड्राइव्ह शाफ्ट जिथून बाहेर पडतात त्या बोगद्यांत जाऊन बसतं. शेवटची जागा सगळ्यात वाईट. मालकाच्या परवानगीने स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोक. टकटक आली तर पत्रा आहे, थपथप आली तर वरून रंग आणि आत पापड.

दुसरा खर्चाचा खड्डा गिअरबॉक्सचा. या गाडीत इंजिन ४५ अंश कललेलं आणि उलटं बसवलेलं आहे. क्लच पुढे रेडिएटरकडे, टायमिंग चेन मागे ड्रायव्हरच्या बाजूला, आणि गिअरबॉक्स चक्क इंजिनच्या पोटाखाली. हा गिअरबॉक्स सुरुवातीच्या कमी ताकदीच्या इंजिनला पुरेसा होता, पण टर्बो आल्यावर त्याच्यावर जादा ओझं पडलं. चालवताना रेडिओ बंद ठेव. गिअरमध्ये गुणगुण ऐकू आली, ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की तिचा सूर बदलला, तर बेअरिंग बोलतंय. या उलट्या मांडणीचा फायदाही सांगते. क्लच बदलायला इंजिन उतरवावं लागत नाही. मी आणि शेजारच्या आजोबांनी आमच्या अंगणात एका दुपारी बदललाय, मधे जेवणाची सुट्टी घेऊन.

पासिंगची काळजी करू नकोस. इथे गाडी तिशीची झाली की रोड टॅक्स माफ, चाळिशीनंतर पासिंग दोन वर्षांतून एकदा, पन्नाशीनंतर तेही नाही. माणसांचं बरोब्बर उलट.

प्रश्न : ताई, सांगलीजवळ आमची शेती आहे. घरी जुनी टर्बो डिझेल जीप आहे. महिनाभरात पिकअप पार गेलाय, चढावर काळा धूर सोडते. मेकॅनिक म्हणतो टर्बो गेला, बदलायचा. खर्च ऐकून वडील म्हणतात भंगारात घाला.

उत्तर : दादा, दोन्ही थांबवा. माझीच फजिती सांगते.

गाडी घेऊन तिसरं वर्ष होतं. एका सकाळी हायवेला लागले, तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला आणि काहीच झालं नाही. माझ्या डॅशबोर्डवर टर्बोच्या दाबाचा छोटा काटा आहे. त्यावर आकडे नाहीत, नुसत्या रंगाच्या पट्ट्या. काटा पांढऱ्यातच लोळत पडलेला. आरशात काळा धूर. एका वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या माणसाने दहा मिनिटांत निदान केलं, टर्बो गेला. दुरुस्त केलेला दुसरा टर्बो बसवला, माझी त्या वर्षीची भारतवारी त्यात गेली. गाडी घेऊन निघाले, हायवेला लागले, पुन्हा काळा धूर.

शेवटी शेजारच्या आजोबांनी हवेचा एकेक पाइप हाताने चाचपला. एका रबरी कोपऱ्याला खालच्या बाजूने चीर होती, बोटभर. वरून बघाल तर पाइप अगदी धडधाकट. इंजिन नुसतं चालू ठेवलं की चीर मिटलेली. दाब आला की ती ओठ उघडल्यासारखी उघडायची आणि सगळी हवा तिथून बाहेर. आता काळा धूर का, ते बघा. माझ्या गाडीत आत येणारी हवा टर्बोच्या आधीच मोजली जाते. मोजलेल्या हवेच्या हिशोबाने पेट्रोल सोडलं जातं. हवा वाटेत पळाली, पेट्रोल मात्र पूर्ण आलं. न जळलेलं इंधन काळं होऊन बाहेर पडणार. तुमच्या डिझेलची रीत वेगळी, पण हवा कमी आणि इंधन जास्त हा हिशोब तोच.

तेव्हा मेकॅनिकला सांगा, टर्बोपासून इंजिनपर्यंतचा प्रत्येक रबरी पाइप काढून, वाकवून, उलटा करून बघायचा. क्लिपा नव्या घालायच्या, त्या स्वस्त असतात. पाइपच्या एका टोकाला बूच मारून दुसरीकडून कॉम्प्रेसरची हवा अगदी बेताने सोडायची आणि वरून साबणाचं पाणी फिरवायचं. बुडबुडा आला की चोर सापडला. एअर फिल्टरही बघा. उसाच्या हंगामात तुमच्याकडे धूळ किती असते, ते मला सांगायला नको.

एवढं करूनही काही सापडलं नाही, तर टर्बोचा हवेकडचा पाइप काढून, इंजिन बंद आणि गार असताना, आतलं पंख्याचं चाक दोन बोटांत धरून हलवायचं. ते मोकळं फिरलं पाहिजे. आडवा किंचित प्ले, म्हणजे ढिलेपणा, असतो, कारण शाफ्ट तेलाच्या थरावर तरंगतो; त्या किंचित प्लेला घाबरून टर्बो बदलणारेही मी पाहिलेत. पण पाती बाहेरच्या भिंतीला घासत असतील, किंवा शाफ्ट पुढेमागे सरकत असेल, तर मेकॅनिक बरोबर आणि मी चूक. माझा काढलेला जुना टर्बो अजून तळघरात आहे. त्याला काहीही झालेलं नाही.

प्रश्न : माझे वडील ट्रक चालवायचे. मुक्कामी पोचल्यावर गाडी लगेच बंद करायचे नाहीत, दोन-तीन मिनिटं इंजिन चालू ठेवून बसायचे. आम्ही मुलं वाट बघायचो. आता माझ्या नव्या टर्बो पेट्रोल गाडीत मी तसं केलं की नवरा हसतो. कोण बरोबर?

उत्तर : वडील बरोबर, आणि नवरा पूर्ण चूक नाही.

टर्बोत एकाच शाफ्टवर दोन चाकं असतात. एका बाजूला इंजिनचा तापलेला धूर चाक फिरवतो, दुसऱ्या बाजूचं चाक ताजी हवा दाबून इंजिनात भरतं. पेट्रोल गाडीत धुराकडची बाजू जोर लावल्यावर नऊशे अंशांच्या आसपास जाते, आणि शाफ्ट मिनिटाला लाखापेक्षा जास्त फेरे घेतो. या दोन चाकांच्या मध्ये बेअरिंग, आणि त्या बेअरिंगला आधार फक्त इंजिन ऑइलचा. किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, की ऑइल पंपही थांबला. तापलेल्या लोखंडातली उष्णता बेअरिंगकडे सरकते, तिथे अडकलेलं तेल कढईतल्या करपलेल्या फोडणीसारखं काळं होऊन चिकटतं. असं शंभरदा झालं की नळी चोंदते, मग बेअरिंग कोरडं, मग टर्बो खलास. वडिलांना हे कुणी शिकवलं असेल किंवा एकदा भुर्दंड पडला असेल.

माझ्या १९८६ च्या गाडीतला टर्बो फक्त तेलानेच थंड होतो. म्हणून मी हायवेवरून उतरले की शेवटचे दोन किलोमीटर सावकाश चालवते, घरासमोर मिनिटभर तशीच बसते, पर्समध्ये चष्मा शोधते, मग किल्ली. पुढच्या काळात टर्बोच्या मधल्या भागाभोवती पाणी खेळवायला लागले, आणि तेलंही सुधारली. तुमच्या नव्या गाडीत बहुधा ही सोय आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हळू वळणं घेईपर्यंत टर्बो पुरेसा निवलेला असतो. एक्स्प्रेस वेवर घाट चढून लगेच फूड मॉलला थांबलात, तर मात्र नवऱ्याला म्हणावं, आधी तू जाऊन रांगेत उभा राहा.

सुरू करतानाही तोच नियम, उलट्या टोकाने. थंड तेल घट्ट असतं, टर्बोपर्यंत पोचायला वेळ घेतं. सेल्फ मारला की लगेच रेस करणाऱ्यांचा मला फार राग येतो. आमच्याकडे थंडीत मी इंजिनला विजेचा हीटर लावते, तासभर आधी. तेल दर ५,००० किलोमीटरला किंवा वर्षाने, जे आधी होईल ते. यात काटकसर नाही. कोल्हापुरात उद्यमनगरला वडिलांचं लेथचं दुकान होतं, तिथे तेलाच्या डब्याला पाय लागला तर नमस्कार करायला लावायचे.

प्रश्न : कराडला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तुम्ही लेखात 'एपीसी'चा उल्लेख केला होता. ते काय, आणि साबने टर्बो शोधला का?

उत्तर : नाही रे. टर्बोची मूळ कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरची, पेटंट १९०५ चं. मोटारीत तो प्रथम अमेरिकेत आला, १९६२ मध्ये, शेव्हरोले कॉर्व्हेअर आणि ओल्ड्समोबील जेटफायरमध्ये. जेटफायरला तर इंजिनात मिथेनॉल-पाण्याचं मिश्रण फवारण्यासाठी वेगळी टाकी होती. लोक ती भरायला विसरायचे. बीएमडब्ल्यूने १९७३ मध्ये २००२ टर्बो काढली आणि लगेच तेलसंकट आलं. पोर्शेची ९११ टर्बोही त्याच सुमाराची. या सगळ्या एक तर रेसच्या मुशीतल्या नाही तर हौशी माणसाच्या गाड्या. साबने १९७७ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ९९ टर्बो दाखवली, ती घरच्या वापराची होती. दोन लिटरच्या इंजिनातून १४५ अश्वशक्ती, आणि मागे सामानाला भरपूर जागा.

यातला खरा शत्रू म्हणजे नॉकिंग. हवा दाबून भरली की सिलिंडरमधलं तापमान वाढतं, आणि पेट्रोलचा काही भाग ज्योत पोचायच्या आधी स्वतःच पेट घेतो. खडखड आवाज येतो, पिस्टनला भोक पडू शकतं. जुना उपाय असा, की आधीच कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण दाबण्याचं प्रमाण, कमी ठेवायचं. मग टर्बोचा दाब येईपर्यंत गाडी मरगळलेली. साबचे इंजिनिअर पेर गिलब्रांड, ज्यांना स्वीडनमध्ये 'टुर्बो-पेले' म्हणतात, त्यांच्या गटाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वेगळा रस्ता काढला. इंजिनच्या ब्लॉकला एक कान लावला, नॉक सेन्सर. खडखड ऐकू आली की तो टर्बोचा दाब क्षणात खाली आणायचा. शांत झालं की पुन्हा वाढवायचा. हेच एपीसी, ऑटोमॅटिक परफॉर्मन्स कंट्रोल. हलकं पेट्रोल भरा, ताकद कमी मिळेल, इंजिन मरणार नाही. चांगलं भरा, पूर्ण मिळेल. पुढे १६ व्हॉल्व्हचं इंजिन आल्यावर १७५ अश्वशक्ती झाली. आज तुझ्या गल्लीतल्या एक लिटरच्या टर्बो हॅचबॅकमध्येही नॉक सेन्सर आहे, फक्त त्याचं नाव डिकीवर लिहीत नाहीत.

मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे हे सगळं बिघडलं तर काय होतं. एपीसीचा व्हॉल्व्ह बंद पडला की दाब मूळच्या कमी पातळीवर राहतो. गाडी रडत रडत का होईना, घरी पोचवते. दाब हाताबाहेर गेला तर एक स्विच पेट्रोल पंपच तोडतो. बिघाड कुठल्या बाजूला झुकावा, हे आधी ठरवून ठेवलंय. तुमच्या परीक्षेत हा प्रश्न येत नसेल, मुलाखतीत कधी तरी येईल.

इकडे आलास तर ट्रोलहेट्टनच्या साब संग्रहालयात जा. साबच्या मोटार कंपनीने डिसेंबर २०११ मध्ये दिवाळं काढलं, गाड्या लिलावात जाणार होत्या. २०१२ मध्ये गावाने, विमानं बनवणाऱ्या साब कंपनीने आणि वॉलेनबर्ग या स्वीडिश उद्योगपती घराण्याच्या प्रतिष्ठानने मिळून संग्रह विकत घेतला, म्हणून तो जागेवर राहिला.

प्रश्न : तुमची गाडी कोल्हापूरला आणता येईल का? आम्ही बघायला येऊ.

उत्तर : नाही. वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको आणि स्टिअरिंग उजवीकडे हवं. माझी दोन्हीत नापास. व्हिंटेज म्हणावं तर २०२१ च्या नियमात व्हिंटेजला पन्नास वर्षं लागतात, तेव्हाच ती 'व्हीए' लिहिलेली नंबर प्लेट. तुम्हीच इकडे या. मिसळ मी करते, फरसाण घेऊन या.

प्रश्न : नाशिकला माझ्याकडे वडिलांची १९९० च्या दशकातली कार्ब्युरेटरची कार आहे. टर्बो वगैरे नाही. पण आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. तुमच्या गाडीचं तुम्ही काय करता?

उत्तर : आमच्याकडे ऑगस्ट २०२१ पासून ९५ ऑक्टेनचं साधं पेट्रोल १० टक्के इथेनॉलचं झालं. मी ९८ ऑक्टेनचं भरते, त्यात इथेनॉल ५ टक्क्यांपर्यंतच असतं. तुम्हाला ही सोय सहज नाही, म्हणून काय करता येईल ते सांगते.

इथेनॉल स्वतः वाईट नाही. नॉकिंगला तर ते चांगलंच, टर्बोवाल्यांना आवडतं. पण ते जुनं रबर मऊ करतं किंवा फुगवतं, आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. तेव्हा टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे रबरी होस, इथेनॉल चालतं असं लिहिलेले नवे टाका. फ्लोटची सुई, पंपाचा पडदा, गॅस्केटं यांचा संच त्याच वेळी बदला. सुरुवातीला पेट्रोल फिल्टर एकदा-दोनदा लवकर बदलावा लागेल, कारण टाकीतला जुना मळ सुटून येतो. हवा-पेट्रोलचं मिश्रण थोडं पातळ पडतं, तेव्हा ट्यूनिंग करून घ्या. ॲव्हरेज कमी होईल, त्याला इलाज नाही. आणि पावसाळाभर गाडी उभी ठेवणार असाल, तर अर्ध्या टाकीवर ठेवू नका. भरलेल्या टाकीत दमट हवेला जागा उरत नाही. आठवड्याने नुसता सेल्फ मारून पाच मिनिटांत बंद करण्यापेक्षा पंधरवड्याने वीस किलोमीटर फिरवून आणा, म्हणजे सायलेन्सरमधलं पाणीही वाळेल.

आणि पेट्रोलचा वास आला, तर 'जुन्या गाडीला येतोच' असं म्हणू नका. त्याच दिवशी बॉनेट उघडा.

प्रश्न : माझा आठ वर्षांचा मुलगा विचारतोय, लेखातल्या फोटोत गाडीला किल्ली लावायची जागाच दिसत नाही. मग ती सुरू कशी होते?

उत्तर : त्याला म्हणावं, शाब्बास. किल्ली दोन सीटच्या मध्ये, खाली, गिअरच्या मागे लागते. अपघातात गुडघा किल्लीवर आपटू नये म्हणून ती स्टिअरिंगजवळ नाही. रिव्हर्स गिअर टाकल्याशिवाय ती बाहेर निघतही नाही. माझ्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याने एकदा तरी तिच्याशी झटापट केलेली आहे. या जागेचा एकच तोटा. वर कुणी काही सांडलं की ते थेट किल्लीच्या भोकात जातं आणि आत साखर सुकून स्विच अडकतो. माझ्या बहिणीने मे महिन्यात आलं घातलेला चहा सांडला होता, तेव्हापासून आमच्या गाडीत चहा बंद आहे.